दोन इंच फोम आणि दोन मिनिटांचा थांबा

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. सिंदी (रेल्वे). वर्ध्याला लागून एक सिंदी मेघे आहे, तिच्यापासून वेगळं ओळखू यावं म्हणून असेल, पण आमच्या सिंदीमागे रेल्वे लागली ती लागलीच. शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, बँकेच्या पासबुकावर, सगळीकडे ती जाऊन बसली. नागपुरात कोणी विचारलं, गाव कोणतं, की आम्ही ‘सिंदी रेल्वे’ सांगतो आणि समोरचा हमखास म्हणतो, ‘रेल्वेत आहे का नोकरीले?’ नाही हो. रेल्वेत नोकरी नाही, रेल्वेनं नोकरीला.

अकरा वर्षं मी सिंदी ते नागपुरातलं अजनी स्टेशन अप-डाऊन केलं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा शब्द कदाचित नीट लागणार नाही. तिकडे लोकल असते, तिच्यावर कविता होतात. आमच्याकडे पॅसेंजर असते आणि तिच्यात अप-डाऊनवाले असतात. खिशात पास, हातात डब्याची पिशवी, समोरासमोरच्या चौघांच्या मांड्यांवर आडवी टाकलेली ब्रीफकेस आणि तिच्यावर रमीचा डाव. परतीच्या गाडीत दोन शिक्षिका ओट्यात वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसायच्या. सिंदी येईपर्यंत भाजी फोडणीला टाकायचीच बाकी राहायची. गाडी मधल्या एखाद्या स्टेशनात लूप लाइनला लागली तरी पत्ते थांबत नसत. कुणीतरी मान वर करून फक्त विचारायचं, ‘कोनाले सोडून राह्यले?’ म्हणजे आम्हाला बाजूला लावून पुढे कोणती गाडी काढताहेत. थोड्या वेळानं शेजारच्या रुळावरून सुपरफास्ट धडधडत जायची, आमच्या खिडक्यांच्या झडपा थरथरायच्या, एखादा पत्ता खाली पडायचा.

एकदा ती गीतांजली होती. आमच्यातले सगळ्यांत जुने पासवाले, निवृत्तीला आलेले, पत्त्यांतून डोकं न काढता म्हणाले, ‘हे दंडवत्याची गाडी. हिच्यात फर्स्ट क्लास नोता.’ पान टाकलं, उचललं, आणि पुढे म्हणाले, ‘अन् हे सिंदीले कधी थांबली नाही.’

या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे त्याबद्दल मला लिहायचं आहे.

एके काळचे समाजवादी रेल्वेमंत्री मधु दंडवते यांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली. असे प्रसंग आले की समाजवादी माणसाबद्दल मराठीत काय लिहिलं जातं ते ठरलेलं आहे. साधी राहणी, निष्कलंक चारित्र्य, संसदेतली विनोदी पण शालीन भाषणं. खरंच होतं ते. पण चारित्र्याचा दाखला देऊन माणसाचा विचार कपाटात बंद करून टाकायची ही आपली जुनी युक्ती आहे. साधेपणाचं कौतुक करायला काही पडत नाही. विचार मान्य केला की खिशाला आणि सोयीला हात लागतो. (समाजवाद्यांचे पक्ष किती वेळा फुटले, हा दुसरा आवडता विषय. त्याची यादी करायची तर कोरी वही घेऊन बसावं लागेल, म्हणून इथे सोडतो.)

दंडवते मूळ अहमदनगरचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. बेचाळीसची चळवळ, १९५५चा गोवा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्र हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. बॅरिस्टर नाथ पै गेल्यावर १९७१ मध्ये राजापूरमधून ते लोकसभेत गेले आणि सलग पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत ते बेंगळुरूच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. सुटले, १९७७ची निवडणूक जिंकली आणि मोरारजींच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. ज्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एक रूळही नव्हता तिथला खासदार देशाचा रेल्वेमंत्री! पुढे १९८९–९० मध्ये ते अर्थमंत्री झाले, शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी त्यांच्या काळातली. नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपदही दोनदा सांभाळलं. पण माझ्या मते त्यांच्या विचाराची खरी कसोटी लागली ती रेल्वेभवनातल्या सव्वादोन वर्षांत.

त्या काळात त्यांनी काय केलं? १९७४च्या संपात ज्या रेल्वे कामगारांना कामावरून काढलं होतं, त्यांना परत घेतलं. संगणकावर आरक्षण देण्याच्या दिशेनं पावलं टाकली; ती पुढे आठेक वर्षांनी प्रत्यक्षात दिसली. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम घातला.

फोमवर जरा थांबू या. तिसरा वर्ग त्याआधीच, १९७४ मध्ये, रद्द झाला होता. रद्द म्हणजे काय, तर पाटी बदलली. काल जो तिसरा होता तो आज दुसरा. लाकडाच्या फळ्या त्याच, ढेकूणही तेच. आपल्याकडे बऱ्याच सुधारणा अशा पाटीपाशीच संपतात. दंडवत्यांनी पाटीला हात लावला नाही, फळीला लावला. पहिला वर्ग खाली ओढण्यात मला रस नाही, दुसरा वर्ग वर आणायचा आहे, अशा अर्थाचं ते सांगत. भौतिकशास्त्राच्या मास्तराला दाब म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको: वजन तेवढंच राहतं, टेकायला जागा वाढली की टोचणं कमी होतं. नागपूर–मुंबई रात्रभराच्या प्रवासात ज्यानं कुशीचं हाड फळीवर ठेवलं असेल त्याला समतेची ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही.

माझे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. लांबच्या प्रवासाला निघाले की आईनं शिवलेली वाकळ चौघडी करून, सुतळीनं बांधून काखेत. ती बाकावर अंथरल्याशिवाय ते बसत नसत. ऐंशीच्या दशकात माझ्या आत्येबहिणीच्या लग्नाला आम्ही दादरला गेलो तेव्हा त्यांनी सवयीनं वाकळ सोडली, बर्थवर हात ठेवला, दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. मग वाकळ परत बांधली आणि उशाला घेतली. बोलले काही नाहीत. सरकार आपल्या पाठीचा विचार करू शकतं ही गोष्ट त्यांना जराशी संशयास्पदच वाटली असावी.

इथे गांधींची आठवण येणं साहजिक आहे, कारण सिंदीहून चार स्टेशनं पुढे सेवाग्राम आहे. पूर्वी त्या स्टेशनाचं नाव वर्धा पूर्व होतं. गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर १९१७ मध्ये एक छोटी पुस्तिकाच लिहिली होती आणि स्वतः ते त्याच वर्गातून फिरत राहिले. त्या वाटेबद्दल मला आदर आहे, पण ती संताची वाट आहे. संत आपल्या शेजारी फळीवर येऊन बसतो, आपल्याला धीर येतो, फळी तशीच राहते. दंडवते त्या फळीवर गादी घालतात. निवड करायची झाली तर मी गादी निवडीन, आणि यात गांधींचा अपमान होतो असं मला वाटत नाही. फळीची तक्रार त्यांनीच आधी केली होती.

त्या फोमचं आणखी एक वैशिष्ट्य फार कमी लोकांच्या लक्षात येतं. त्याला मतदारसंघ नव्हता. तो राजापूरकरांसाठी नव्हता. राजापूरला तर गाडीच नव्हती. कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला हे खरं, पण तिचं महामंडळ १९९० मध्ये झालं, १९९१ला ते निवडणूक हरले, आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती १९९८ मध्ये. त्यांच्या हातून देशाला जे आधी मिळालं ते कुणाच्याही नावाचं नव्हतं. फोमवर बसताना कुणी कुणाचे आभार मानत नाही. चांगल्या सार्वजनिक सोयीची हीच खूण आहे, असं मी म्हणेन.

आता आजच्या थांब्याकडे या. थांबा मंजूर झाला की स्टेशनबाहेर फलक लागतो: अमुक एक्सप्रेसला थांबा, लोकप्रिय खासदारांचे जाहीर आभार. पहिल्या दिवशी इंजिनाला हार, ड्रायव्हरला पेढा, हिरवी झेंडी दाखवताना फोटो. हा थांबा बहुधा प्रायोगिक असतो, काही महिन्यांचा. तिकीटविक्री पाहून तो चालू ठेवायचा की काढायचा ते ठरतं. म्हणजे नागरिकानं आधी आभार मानायचे, नंतर परीक्षाही द्यायची. शिवाय परीक्षेतच खोट आहे. महिन्यात पंचवीस दिवस येणारा-जाणारा पासवाला तिकीट खिडकीवर दिसतो महिन्यातून एकदा. पास नागपुरात काढला तर गावच्या खिडकीवर तेवढाही दिसत नाही. गाडीत तो रोज दोनदा दिसतो, पण तिथे मोजायला कोण उभं आहे?

गीतांजलीकडे परत येतो. १९७७च्या अखेरीस हावडा–मुंबई मार्गावर, म्हणजे नागपूरवरूनच, ती सुरू झाली. देशातली पहिली वर्गविहीन जलद गाडी. सगळे डबे एकाच वर्गाचे. पैसा जास्त म्हणून वेगळा दरवाजा नाही. आज तिला वातानुकूलित डबे आहेत, तोही काळाचा महिमा. पण जुन्या पासवाल्यांचं दुसरं वाक्य मला अजून टोचतं ते वेगळ्या कारणानं. डब्यातला वर्ग काढला तरी प्लॅटफॉर्मवरचा वर्ग राहिलाच. गाडीत बसलेले सगळे सारखे झाले, पण गाडीत बसायला कोणाला मिळणार? नागपूर, वर्ध्याला. सिंदी, सेलू, बोरखेडीला नाही. दंडवत्यांवर मी हा आरोप करत नाही. लांब पल्ल्याची जलद गाडी दर पाच मैलांवर थांबू शकत नाही हे मला कळतं. त्यांचा फोमसुद्धा आधी लांबच्या गाड्यांना मिळाला, आमच्या पॅसेंजरच्या लाकडी पट्ट्या त्यानंतर बरीच वर्षं तशाच होत्या. समाजवाद्याच्या हातात खातं असतानाही सुधारणा आधी लांबच्या प्रवाशाकडे जाते आणि रोजच्या प्रवाशाकडे सवडीनं येते. अपुरं राहिलेलं काम म्हणतात ते हे.

आणि नंतरच्या काळात ते काम उलट्या दिशेनं गेलं. कोरोनात पॅसेंजर बंद झाल्या. परत आल्या तेव्हा ‘स्पेशल’ आणि ‘एक्सप्रेस’ होऊन आल्या. तीच गाडी, तेच डबे, तीच लूप लाइन. किमान भाडं मात्र दहाचं तीस. १९७४ला पाटी बदलून वर्ग वर गेल्याचं दाखवलं होतं, इथे पाटी बदलून भाडं वर नेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात सिंदीहून नागपुरात धुण्याभांड्याला, कापडाच्या दुकानात, बांधकामावर येणाऱ्या माणसांनी काय केलं असेल? कोणी एसटी धरली, कोणी ऑटोत दाटीवाटीनं बुटीबोरीपर्यंत आलं, कोणी काम सोडलं. याची कुठे नोंद नाही. पूर्वी स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प असायचा. त्या दिवशी पानठेल्यावर रेडिओभोवती माणसं जमायची आणि आपल्या गावाचं नाव येतं का ऐकायची. २०१७ पासून तोही नाही.

याच काळात नागपुरात पैसा आला नाही असं कोणी म्हणणार नाही. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं लोकार्पण झालं, बिलासपूर वंदे भारतला झेंडी दाखवली गेली आणि नागपूर व अजनी स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. नागपूरसाठी ५९० कोटी, अजनीसाठी ३६० कोटी. पुढे सिकंदराबादची वंदे भारत आली, २०२५ मध्ये अजनी–पुणेही आली. या दोन्ही सिंदीवरून जातात. पांढरीशुभ्र, नाकाडी गाडी क्षणात निघून जाते. पोरं हात हलवतात. मलाही ती आवडते, खोटं कशाला बोलू? पुण्याला मुलीकडे जाताना मीही तिनंच जाईन. प्रश्न तिच्या असण्याचा नाही. तिला वाट देण्यासाठी रोज कोण बाजूला उभं राहतं याचा आहे.

यावर अभियंते जे उत्तर देतात ते फेटाळण्यासारखं नाही. नागपूर ते सेवाग्राम हा पट्टा देशातला एक विचित्र गळा आहे. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन महामार्ग इथे एकाच जोडरुळावरून जातात. त्यात चंद्रपूर–बल्लारपूरकडचा कोळसा. दोन मिनिटांचा थांबा दोन मिनिटांत होत नाही. वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो आणि मागच्या गाड्या अडतात. म्हणून पॅसेंजर लूपला. हे गणित बरोबर आहे. माझा आक्षेप गणितात काय धरलं आणि काय सोडलं याला आहे. सुपरफास्टची सात मिनिटं हिशेबात येतात. पॅसेंजरमधल्या हजार माणसांची पंचवीस मिनिटं येत नाहीत. मी एका खाजगी कचेरीत होतो, तिथे दहा मिनिटं उशीर झाला की हजेरीपटात लाल खूण आणि तीन खुणांची अर्धी रजा कापली जायची. सिग्नल कुणासाठी पिवळा होता हे तिथे सांगून उपयोग नसे.

मुंबईत हा प्रश्न केव्हाच सुटला आहे, निदान तत्त्वतः. तिथे सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी लोकलला वाट द्यायची, बाहेरगावची गाडी कल्याणला, कर्जतला ताटकळली तरी चालेल, ही शिस्त मुरलेली आहे. का? कारण तो पट्टा ‘उपनगरी’ म्हणून कागदावर मान्य आहे. रेल्वेच्या प्रतवारीत स्टेशनं उपनगरी, बिगर-उपनगरी आणि हॉल्ट अशी विभागलेली आहेत, आणि आम्ही बिगर-उपनगरी. आयुष्यभर नागपुरात राबलो, कागदावर आम्ही नागपूरचं उपनगर कधीच नव्हतो. सिंदी, बुटीबोरी, कामठी, काटोल, भंडारा रोड, रामटेक या सगळ्या दिशांनी रोज माणसं शहरात येतात आणि संध्याकाळी परत जातात. शहर त्यांच्यावर चालतं. त्यांना प्रवासी म्हणायचं की नागपूरकर, हे एकदा ठरवायला नको?

ब्रॉडगेज मेट्रो नावाची एक घोषणा काही वर्षांपूर्वी झाली होती. याच रुळांवरून वर्धा, काटोल, रामटेक, भंडाऱ्यापर्यंत जलद, थंडगार गाड्या. मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत येणार आहे. येवो. पण त्याआधी करता येण्यासारखं एक काम समोर आहे. वर्धा–नागपूर तिसरा आणि चौथा मार्ग टाकण्याचं काम बरीच वर्षं चाललं आहे. ते रूळ पूर्ण झाले की त्यावर कोणाला वाट द्यायची? माझ्या मते सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतली पहिली वाट रोजच्या गाडीची, उरलेल्या अठरा तासांत सुपरफास्ट आणि कोळशानं काय ते वाटून घ्यावं. इंजिन जोडलेल्या जुन्या पॅसेंजरऐवजी मेमू, म्हणजे लोकलसारखी डब्यांतच मोटर असलेली विजेची गाडी द्यावी; ती झटकन वेग घेते, त्यामुळे थांब्याची किंमतही कमी पडते. आणि थांबा ठेवायचा की नाही ते ठरवताना खिडकीवरची तिकिटं मोजण्याऐवजी एक माणूस आठवडाभर प्लॅटफॉर्मवर वही घेऊन उभा करावा. वंदे भारत सिंदीला थांबवा असं मी म्हणत नाही. नवा रूळ तयार झाल्यावर तोही आपोआप लांबच्या माणसाचा होऊन जाईल, आणि आमची पॅसेंजर आता चारपैकी कोणत्या लूपवर उभी आहे एवढाच बदल उरेल, ही माझी भीती आहे.

हे सगळं दंडवत्यांच्या नावाशी जोडणं काहींना ओढूनताणून वाटेल. पण बाक किती टणक आहे आणि त्यावर कोण बसतं, हा प्रश्न त्यांनी मंत्र्याच्या टेबलावर ठेवला होता. गाडी कोणासाठी थांबते आणि कोणाला थांबवून जाते हा त्याच्याच पाठचा भाऊ. समाजवाद म्हणून दुसरं काही शोधायला मला दूर जावं लागत नाही.

माझा पुतण्या आता अप-डाऊन करतो. हिंगणा रोडला कामाला आहे. पॅसेंजरनं अजनी, तिथून पुढे मेट्रो. मेट्रोत त्याला बसायला जागा मिळते, पॅसेंजरमध्ये एक पाय टेकवायला मिळाला तरी पुष्कळ, असं तो हसत सांगतो. पत्ते आता कोणी खेळत नाही, ज्याचा त्याचा मोबाइल. लूपला गाडी लागली की प्रश्न मात्र तोच विचारतात, असं म्हणाला.

तान्ह्या पोळ्याला सिंदीला जायचं ठरवलं आहे. आमच्याकडचे लाकडी नंदी पाहायला बाहेरगावची माणसं येतात, मग आपणच का नाही? संध्याकाळी परत यायला कोणती गाडी मिळेल, विचारायला परवा पुतण्याला फोन केला. तो जरा वेळ गप्प होता, मोबाइलमध्ये काहीतरी पाहत असावा.

‘काका,’ म्हणाला, ‘तुमी या तं खरं. वापस जायाचं मंग पाहू. नाही तं मुक्कामच करा.’